फिकट हिरवा बंपर

नोकरीतले बरेच गुन्हे मी विसरलो, पण हा एक अजून मनातून जात नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा शिरूर तालुक्यात फौजदार होतो. सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने खबर दिली की, वडगाव रासाईजवळच्या रस्त्यावर एका अंगणवाडी सेविकेला धडक देऊन चालक गाडीसह पळाला. बाई अंगणवाडी उघडायला चालत निघाल्या होत्या. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने त्यांना पुढच्या गावातल्या डॉक्टरांकडे पोहोचवलं होतं.

पंचनामा करताना गवतात हाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा सापडला. फिकट हिरवा, लहान गाडीच्या पुढच्या बंपरचा. पंचांसमक्ष तो सील केला आणि दवाखाना गाठला, तर डॉक्टर स्वतः बाईंबरोबर जीपमध्ये बसून पुण्याला गेलेले. मांडीचं हाड मोडलं होतं, रक्त थांबत नव्हतं. पुण्याचे सर्जन मला म्हणाले, "गावातच नीट बांधून आणलं, म्हणून वाचल्या." मी गावातल्या त्या डॉक्टरांचा जबाब घेतला आणि त्यांचे आभार मानले. सही करताना त्यांनी तारीख दोनदा चुकवली. दगदग झाली असेल, असं मी धरून चाललो.

शिरूर, सणसवाडीची सगळी गॅरेजं पालथी घातली. काही हाती लागलं नाही. दौंडच्या पोलीस ठाण्यालाही तुकड्याचा फोटो पाठवला होता, तो त्यांनी तिथल्या दुकानांत दाखवला. आठवड्याने तिथल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराचा निरोप आला. साठीचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत. मी जाऊन त्याला भेटलो.

"साहेब, एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. ह्याच रंगाचा बंपर पायजे म्हनतंय. दुसरा घ्या, रंग मारून घ्या म्हनलं, तर ऐकत न्हाई."

"त्यात संशय घेण्यासारखं काय?"

"जुना बंपर संगं आनला न्हाई. मापाला सगळे आनतात. मिस्त्री देतो बसवायला म्हनलं, तर म्हने मीच बसवीन. हात बघितले त्याचे. पाना-पक्कड धरनारे हात न्हाईत ते."

चाचाने गिऱ्हाइकाला गुरुवारी बोलावलं होतं. मी साध्या कपड्यांत दुकानात जाऊन बसलो. दुपारी जो माणूस आत आला, त्याला पाहून मी उभाच राहिलो. तेच डॉक्टर होते.

"घराच्या फाटकाला घासली गाडी," ते शांतपणे म्हणाले. "जुना बंपर भंगारात दिला."

खरं सांगतो, ते खरं असावं असंच मला वाटत होतं. ज्याने बाईंना वाचवलं, त्याच्यावर संशय घेणं जिवावर येत होतं. त्यांना ठाण्यात बसवलं आणि मी पुरवणी जबाबासाठी पुण्याला गेलो. बाईंचा भाऊ "जयभीम, सायेब" म्हणत उठला आणि मला स्टूल दिलं. बाई डॉक्टरांचं कौतुक करत होत्या.

"लई मायेनं बघितलं त्यांनी. सारखं इचारत व्हते, ताई, गाडी दिसली का? रंग दिसला का? तीनदा इचारलं. म्या म्हनलं, न्हाई दिसली, पाठमोरी व्हते. तवा कुठं त्यांचा जीव खाली पडला."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

ठाण्यात परत आल्यावर मी आवाज चढवला नाही. डॉक्टरांसमोर बसून एवढंच विचारलं, "रक्त वाहत असताना तुम्ही तिला गाडीचा रंग तीनदा का विचारलात?"

 ते म्हणाले, "मी घाबरून निघून आलो. दवाखाना उघडला आणि पंधरा मिनिटांत तिलाच माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी काय करणार होतो, साहेब? हात आपोआप चालायला लागले."

दवाखान्याच्या माळ्यावर सलाईनच्या खोक्यांमागे तुटका बंपर मिळाला. सील फोडून पंचांसमोर तुकडा लावला. तंतोतंत बसला.

बाईंना सांगायला मीच गेलो. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. भाऊ संतापाने स्टूल ढकलून उठला. त्याला थांबवून त्या म्हणाल्या, "टाकून गेले, त्याचा येवढा राग न्हाई. भ्यालं आसंल मानूस. पन मी मरायला लागले व्हते, आन् ते स्वोताला वाचवत इचारत व्हते. म्या त्यांना देव समजून उत्तर देत व्हते."

मी निघताना त्यांनी हाक मारली. "सायेब, लिहिताना त्यांनी माझा पाय बांधला ते बी लिहा. गुन्हा सोडू नगा. पन दोन्ही लिहा."

दोषारोपपत्रात उपचारांची हकीकत पाहून आमचे वरिष्ठ म्हणाले, "हे आरोपीच्या फायद्याचं आहे, कशाला घातलं?" मी ते काढलं नाही. न्यायालयात डॉक्टरांना शिक्षा झाली.

पोलिसाला माणसं दोन ढिगांत टाकायची सवय लागते. इकडे आरोपी, तिकडे साक्षीदार. त्या डॉक्टरांना मी आधी एका ढिगात टाकलं, मग दुसऱ्यात, आणि दोन्ही वेळा अर्धाच माणूस पाहिला. पूर्ण पाहिला तो त्या बाईंनी, तोही मोडक्या मांडीनिशी अंथरुणावर पडून.