माटोळीखालचा कॅमेरा

‘‘एकदा झालेली नोंद खोडूची नाय. खोडली की माणसाचो स्वतःवरचो विश्वास जाता.’’

आमचे शेजारी भाई हे वाक्य उजव्या हाताचे बोट छातीला टेकवून म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ गावाच्या इतिहासाबद्दल बोलतो आहे. प्रत्यक्षात ते कॅमेऱ्यातल्या कार्डाबद्दल बोलत असत आणि त्या कार्डावर त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचे शंभरावर फोटो होते.

भाई डिचोलीजवळच्या एका खाणीवर वजनकाट्यावर होते. खनिजाचा ट्रक काट्यावर चढला, की ते खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरला थोपवत. इंजिन बंद, ड्रायव्हर खाली, आकडा स्थिर आणि मगच पावती. चुकीची पावती ते फाडत नसत. तिच्यावर ‘रद्द’ लिहून, खाली सही करून ती जपून ठेवत. अशी तीस वर्षे गेली. मग ते निवृत्त झाले आणि काट्यावरच्या मंडळींनी निरोप समारंभात त्यांना एक छोटा डिजिटल कॅमेरा दिला. समारंभात त्यांच्या दूरदृष्टीवर तीन भाषणे झाली. कॅमेऱ्याच्या डब्यात सेल नव्हते, हे घरी गेल्यावर कळले.

मी शाळेत मास्तर, म्हणून मला यंत्रातले कळते असा भाईंचा समज होता. तो मी कधी दूर केला नाही. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेलच, जो आपल्याला आहोत त्यापेक्षा हुशार समजतो. त्याला जपावे.

पहिल्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी यायचे. फोटो सगळे धुक्यातले येतात, अशी पहिली तक्रार. गोव्याची दमट हवा कॅमेऱ्याला चालत नाही असे कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी तो उकड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. भिंगावर कोंड्याचा थर बसला होता. मी चष्म्याच्या फडक्याने तो पुसला आणि धुके गेले. मग दोन फोटो काढले की यंत्र मान टाकते, ही दुसरी तक्रार. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून घातले होते. ‘‘घड्याळ दोन वर्सां चलता त्याच्यार,’’ ते म्हणाले. कॅमेऱ्याची भूक घड्याळापेक्षा मोठी असते, हे त्यांना पटायला वेळ लागला. पटले तेव्हा त्यांनी चार्जरवर चालणारे सेल आणले आणि भिंतीवरचे घड्याळही पुन्हा सुरू झाले. अंगठ्याचे मात्र काही झाले नाही. तो भिंगासमोर यायचाच.

एक गोष्ट त्यांना कुणी शिकवावी लागली नाही. बटण अर्धे दाबायचे, चौकट हिरवी होईपर्यंत थांबायचे, मग पुरते दाबायचे. आपण सगळे इथेच घाई करतो आणि फोटो हलतो. भाईंना तीस वर्षांची सवय होती. आकडा स्थिर होईपर्यंत ते श्वाससुद्धा घेत नसत. समोरचा माणूसही घेत नसे, कारण भाईंचा हात ट्रक थोपवल्यासारखा वर असे. त्यामुळे त्यांच्या फोटोंतली माणसे नेहमी स्पष्ट आणि थोडी गुदमरलेली दिसत.

मग चवथ आली.

गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, फुले आणि शेंगा बांधायच्या, ही आमची माटोळी. भाईंची माटोळी वाड्यावर प्रसिद्ध होती. आंबाडे, करमलां, घागऱ्या, सुपारीचे घोस, लाल कवंडळ. कुठल्या डोंगरावर काय पिकते ते भाईंना तोंडपाठ होते. हे सगळे त्यांना त्यांच्या आक्काने शिकवले होते. लहानपणी ती त्यांना पाठीवर घेऊन रान फिरली होती. पुढे ती पेडण्याला लग्न होऊन गेली, पण दरवर्षी चवथीच्या दुसऱ्या दिवशी माहेरी यायची. माटोळीखाली उभी राहून एकेका फळाचे नाव घ्यायची आणि काय राहिले ते सांगायची. भाई तेव्हा वर्गातल्या पोरासारखे हात मागे बांधून उभे असत.

त्या वर्षी आक्का पडली. खुब्याचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. तिने पेडण्याहून निरोप पाठवला : माका माटोळी बघूची आसा. मोबाईलवर दाखवावी तर तिच्या घरात रेंज नाही. रेंज अंगणातल्या माडाखाली येते आणि आक्का तिथवर जाऊ शकत नव्हती. शिवाय तिला कागदावर हवी होती, बोट ठेवून वाचता येईल अशी. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. विसर्जनानंतर माटोळी उतरणार. भाईंकडे तेवढाच वेळ होता.

पहिल्या दिवशी त्यांनी उभ्याने फोटो काढला. फ्लॅशमुळे जवळचा नारळ चंद्रासारखा उजळला आणि बाकीचे रान काळोखात गेले. खुर्चीवर चढून काढला, तर चौकटीची कडाच आली. माटोळी खालूनच बघायची वस्तू आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भाई तिच्याखाली उताणे झोपले. पाय देवाकडे करता येत नाहीत, म्हणून डोके गणपतीकडे आणि पाय दाराकडे.

चवथीला घरोघरी माणसे दर्शनाला येतात. त्यांना उंबऱ्यातच भाईंचे तळवे दिसत. शेजारची वहिनी आधी पाणी घेऊन धावली. मग भाई शुद्धीवर असून डोळे वर लावून पडलेले दिसले, तेव्हा तिने हात जोडले आणि बाहेर जाऊन सांगितले, की भाईंनी आक्कासाठी नवस बोलला आहे. दुपारपर्यंत ही बातमी वाडाभर झाली. तिसऱ्या दिवशी खालच्या वाड्यावरचे दोघे आले आणि काही न विचारता भाईंच्या शेजारी उताणे झाले. एकाची गुडघेदुखी होती. दुसऱ्याने कारण सांगितले नाही. भाईंनी त्यांना थोडे सरकायला सांगितले, कारण त्यांची पोटे फोटोत येत होती. श्रद्धा कशी जन्मते यावर मी बरेच वाचले आहे. पाहिली मात्र त्याच दिवशी.

फोटो हलतच होते. कॅमेरा छातीवर आणि श्वास रोखला तरी छाती धडधडत होती.

पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या दुपारी, त्यांनी मला बोलावले. कॅमेऱ्यावर अक्षरे आली होती : कार्ड भरले.

मी म्हटले, भाई, अंगठे पुसून टाकू. त्यांचे बोट छातीकडे गेले. ‘‘खोडूचा नाय, मास्तर.’’

बाहेर आरतीची तयारी चालली होती. त्यांची बायको दारात आली आणि एवढेच म्हणाली, ‘‘आक्का पेडण्याक वाट बघता.’’

भाईंनी एकदा माटोळीकडे बघितले. मग उठले, वही आणली, रेघा मारल्या. पहिला फोटो उघडला, लिहिले : उजवा अंगठा, रद्द. सही केली. मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. मगच तो पुसू दिला. दुसरा : उजवा अंगठा, रद्द. वीस अंगठे होईपर्यंत भटजींनी दोनदा घसा साफ केला. मी म्हटले, आता माटोळीपुरती जागा झाली, उरलेले राहू द्या. त्यांनी मान डोलावली, पण डोळे पुसले ते माझ्यापासून लपवले नाहीत.

आता छातीचे काय करायचे? मी विचारले, कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायची सोय असेल ना? भाई म्हणाले, असते, माहितीपुस्तकात नवव्या पानावर. पण ती काढणाऱ्याला स्वतः फोटोत यायचे असेल तर वापरायची, असे तिथे लिहिले आहे. आपल्याला कुठे यायचे आहे?

मग आम्ही पाट मांडला. कॅमेरा पाटावर, भिंग वर. नवव्या पानावरची सोय मीच चालू केली, फ्लॅश बंद, दारेखिडक्या सताड उघड्या. भाईंनी बटण अर्धे दाबले, हिरवी चौकट आली, पुरते दाबले आणि ते बाजूला झाले. त्यांचा हात वर गेला. घरातली वीस-पंचवीस माणसे, भटजींसह, श्वास रोखून उभी राहिली. दहा सेकंद. टिक.

डिचोलीतल्या फोटोच्या दुकानात बसणाऱ्या बाईने तो फोटो मोठ्या कागदावर काढून दिला आणि कुठल्या स्टुडिओत घेतला म्हणून विचारले. भाई दुकानातून बाहेर पडेपर्यंत गंभीर होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला दोन कप चहा पाजला, एकामागून एक.

आम्ही म्हापशाला बस बदलून पेडण्याला गेलो. फोटोची गुंडाळी भाईंनी मांडीवर आडवी धरली होती आणि शेजारच्या प्रवाशाला सांभाळून बसायला सांगितले होते. आक्काने उशीला टेकून फोटो समोर धरला आणि बोट ठेवत नावे घेत गेली. भाई हात मागे बांधून उभे. बोट फिरत फिरत थांबले.

‘‘कवंडळ खंय रे?’’

‘‘आसा, आक्का. नारळाच्या फाटल्यान. बारीक बघ.’’

तिने नारळाच्या मागे निरखून बघितले. लाल ठिपका सापडला. ‘‘आसा,’’ ती म्हणाली आणि असे हसली, की भाईंना मागे बांधलेले हात सोडून डोळे पुसावे लागले. फोटो भिंतीवर लावू या, असे मी म्हटले, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिले. माटोळी कुणी भिंतीवर लावते का? भाई स्टुलावर चढले आणि तिच्या खाटेच्या बरोबर वर, छताच्या फळ्यांना त्यांनी फोटो चार बारीक खिळ्यांनी ठोकला.

भाई जाऊन आता दोन वर्षे झाली. आक्का काठी घेऊन हिंडते, पण दुपारी अजून त्या फोटोखालीच आडवी होते. परवा पेडण्याला गेलो तेव्हा मीही थोडा वेळ त्या खाटेवर पडून वर बघितले. एका माणसाने बहिणीसाठी सगळे रान तिच्या डोक्यावर आणून टांगले आहे आणि ते कधी सुकणार नाही, असे काहीसे माझ्या मनात येत होते.

सध्या त्या फोटोच्या मागे एक पाल राहते.