दिवसातून दोनदा

"सुम्ने निवडू नका हो," असं म्हणत सर चष्मा कपाळावर चढवायचे. सुम्ने म्हणजे उगाच. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या मराठी घरातले ते, बोलता बोलता कन्नड कधी घुसे ते त्यांनाही कळत नसे. मी पडलो सांगलीचा. पहिले सहा महिने अंदाजानेच हो-नाही म्हणत काढले.

आमचं काम म्हणजे पाणी उपसणाऱ्या मोठ्या, सहा हजार सहाशे व्होल्टच्या मोटरींना ब्रेकर निवडून देणं. बिघाड झाला की वीज तोडतो तो ब्रेकर. तुम्ही म्हणाल, त्यात काय, कॅटलॉग उघडा आणि निवडा. मीही तेच करायचो आणि बोलणी खायचो. "मोटर म्हणजे जावई. आल्या आल्या सहापट करंट ओढते. म्हणून लगेच हाकलायचं काय?" ब्रेकर भित्रा नको आणि झोपाळूही नको, हे मला त्या जावयामुळे कायमचं कळलं.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे, मोटर दिवसातून किती वेळा चालू-बंद होते हे ती चालवणाऱ्यालाच विचारायचं, साहेबाला नाही. सारखी चालू-बंद होणार असेल तर ब्रेकर झिजतो. तिथे वेगळी जोडणी लागते. एवढ्या एका आकड्यासाठी ते बसने एच. डी. कोटे गावापर्यंत जात, ऑपरेटरबरोबर कॉफी पीत बसत. ऑफिसात आम्ही हसायचो.

सरगूरकडच्या एका पंपघराच्या वेळी त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून मला जायला सांगितलं. ऊन फार होतं. मी गेलो नाही. अधिकाऱ्याला फोन केला आणि तक्त्यात लिहून टाकलं, दिवसातून दोनदा. सरांनी विश्वासाने सही केली.

दोन वर्षांनी तो ब्रेकर अडकला, ऐन वेळी उघडलाच नाही, आणि मोटर जळाली. खापर ऑपरेटरवर फुटलं. पन्नाशीचा माणूस, पदरात दोन मुली. त्याला काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. आम्ही दोघं गेलो. तो कन्नडमधून सांगत होता की वरची टाकी लहान आहे, भरून वाहिली की खालच्या शेतातला टोमॅटो कुजतो, म्हणून तो मोटर दिवसातून पंधरा वेळा बंद-चालू करतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'निवड चुकली. चालवणाऱ्याला मी विचारलं नाही.'

"सर, तो तक्ता मी भरला होता."

"सही माझी आहे."

ऑपरेटरची नोकरी वाचली. सरांना मात्र कंपनीने हळूहळू कामं देणं बंद केलं. खरं काय ते वर जाऊन सांगायला हवं होतं, पण मी मूग गिळून बसलो. पुढे त्यांच्या जागेवर मलाच बसवलं.

गेल्या वर्षी सर वारले. निदान घरी तरी सांगायचं, असं ठरवून भेटायला गेलो. काकूंनी कॉफी दिली. म्हणाल्या, "ह्यांना ती एक चूक भारी लागली हो. माझ्यामुळे एका गरिबाची नोकरी जात होती, असं शेवटपर्यंत म्हणायचे."

"नाही काकू, चूक त्यांची नव्हती."

"मग कोणाची?"

कॉफी छान झालीय, असं मी म्हणालो.