पायाखालचं पिस्तूल: ब्रॅकनेल ते एडिनबरा

मी जाणार नव्हते. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलहून स्कॉटलंडातलं एडिनबरा म्हणजे गाडीने आठ तास, आणि माझे गुडघे पहिल्या तासातच परत फिरायची भाषा करतात. पण शिरीष, माझा मुलगा, म्हणाला, "आई, वृंदाच्या तीन दिवस हॉस्पिटलात शिफ्ट आहेत, घरात एकटी काय करशील?" झोपेन, असं सांगायचं होतं. पण नात दारात उभी होती. "आजी, तू आली तर मला लकी," म्हणाली. मग काय, बांधल्या दशम्या.

हे मी सांगतेय आणि सूनबाई वृंदा लिहितेय. मला अक्षरओळख नाही. तेव्हा चुका तिच्या आणि टोमणे माझे, असं वाटून घेतलंय.

नात मीरा बावीस वर्षांची. पायाखाली मुंगी आली तरी 'सॉरी' म्हणणारी पोरगी, आणि खेळते काय, तर नेमबाजी. तिचं पिस्तूल छऱ्याचं, हवेवर चालणारं. दोन वर्षं रोज संध्याकाळी भिंतीकडे हात धरून उभी राहते. मी आधी समजले, पोरीला काहीतरी झालंय; तर तो सराव. एडिनबराजवळच्या एका क्लबात मॅच होती आणि टीममध्ये एकच जागा शिल्लक होती. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात असा खेळाडू असेल तर नीट वाचा. इंग्लंडात अशा छऱ्याच्या पिस्तुलाला कागद लागत नाही, स्कॉटलंडात लागतो. पाहुण्यांसाठी वेगळा परवाना असतो. मीराने तो आधीच अर्ज करून, फी भरून आणला होता, प्लास्टिकच्या पाकिटात घालून. एकच देश म्हणतात, पण मध्ये एक निळी पाटी लागते आणि तिच्या पलीकडे कायदा बदलतो. आमच्याकडे एवढ्याशा अंतरात फार तर आमटीची चव बदलते.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. गाडीच्या मागच्या बूटमध्ये, इथे डिकीला बूट म्हणतात, माझा वॉकर, माझी घडीची खुर्ची, डब्यांच्या दोन पिशव्या आणि शिरीषची बॅग. मीराची पिस्तुलाची पेटी काही मावेना.

"बाबा, केस बूटमध्येच पाहिजे. खाण्याचा पिशवी पुढे घे ना," मीरा म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, पिशवीला मिशा फुटतात.

"काही होत नाही. आजीच्या पायापाशी ठेव," शिरीष म्हणाला.

तर पेटी माझ्या पायापाशी आली. बर्मिंगहॅम मागे पडेपर्यंत माझे पाय सुजून पुरणपोळीसारखे झाले. ते उंच ठेवायला हवेत असं डॉक्टर सांगतात, आणि डॉक्टर म्हणजे माझाच मुलगा. समोर ती पेटी, बरोबर पाटाएवढी उंच. पण आत शस्त्र. दसऱ्याला ज्याला आपण फूल वाहतो त्यावर पाय कसा द्यायचा? मी आधी पेटीला हात जोडले, मग अंगावरची शाल चौपदरी करून तिच्यावर पसरली, आणि मग पाय ठेवले. देवाला दिसलं असेल की मध्ये शाल आहे. पोलिसांनाही ती शालच दिसणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मोटरवेवर दर अर्ध्या तासाने सर्व्हिसेस येतात, म्हणजे गाडी थांबवून खायची-जायची जागा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर प्रत्येक ठिकाणी थांबा, लाज बाळगू नका. बाथरूम स्वच्छ असतात. चहा मात्र जवळजवळ चार पौंडांना, आणि चव धुतलेल्या कपाची. आम्ही थर्मास नेला होता. लँकॅस्टरच्या पुढे एका सर्व्हिसेसला गाडीतच दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथे बापलेकीचं जुंपलं.

"बाबा, पोलिसाने थांबवलं तर आपण आधीच सांगायचं. कोचने सांगितलंय. माझ्याकडे परमिट आहे, ते इथे आहे, बघ. दॅट्स इट."

"विचारलं तर सांगायचं. विचारलं तेवढंच," शिरीष म्हणाला. "तीस वर्षं या देशात काढली मी. आपण होऊन तोंड उघडलं की दहा प्रश्न येतात."

"पण माझं नाव आहे परमिटवर!"

"आणि गाडी माझी आहे. चटणी सांडू नकोस."

मी मध्ये पडले नाही. पन्नास वर्षं संसार केला तो मध्ये न पडूनच.

सीमा ओलांडली तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना टेकड्या, त्यांच्यावर मेंढरं, आणि वारा असा की गाडी आपल्याआपण हलावी. बघण्यासारखं आहे. मी अर्धं झोपेत बघितलं. अर्ध्या तासाने मागून निळे दिवे लागले. पोलिसांच्या गाडीने आम्हाला पुढच्या एक्झिटला काढून रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थांबवलं. कारण साधं होतं: आमचा मागचा डावा ब्रेकचा दिवा लागत नव्हता. तुम्ही निघण्यापूर्वी दिवे तपासा. आम्ही देवापुढचा तपासला होता.

बाई पोलीस होती. पिवळं जॅकेट, वाऱ्याने लाल झालेलं नाक, वय आमच्या वृंदाएवढं. तिने खिडकीतून वाकून दिव्याचं सांगितलं, शिरीषचं लायसन्स बघितलं. तिचं इंग्लिश मला कळत नव्हतं, पण ती रागावलेली नव्हती. मग तिने सहज काहीतरी विचारलं. मीराने मला नंतर सांगितलं, ती म्हणाली होती, "गाडीत मला माहीत असावं असं काही आहे का?"

मीराने तोंड उघडलं. शिरीषने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नथिंग. जस्ट माय मदर अँड हर फूड."

मला इंग्लिश येत नाही, पण 'नथिंग' येतं. गेली सहा वर्षं या घरात तो शब्द ऐकतेय. काय झालं रे शिरीष? नथिंग, आई. कामावर काही झालं का? नथिंग. तो शब्द आला की काहीतरी असतंच. पुढे मीराची मान खाली गेली होती. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. पोरीने दोन वर्षं भिंतीपुढे हात धरला होता, आणि आता बापाच्या एका शब्दाने ती चोर ठरणार होती. त्या बाईने नंतर पेटी पाहिली असती, तर परवानाही गेला असता आणि जागाही.

मी पाय उचलले. त्यालाही वेळ लागतो. शाल बाजूला केली, दोन्ही हात वर धरले, कारण टीव्हीवर तसं करतात, आणि म्हणाले, "मॅडम. पिस्टल. लायसन. नात."

आता हसू येतं. तेव्हा त्या बाईचा चेहरा पार बदलला. ती एक पाऊल मागे गेली, खांद्यावरच्या यंत्रात बोलली, आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. शिरीष आणि मीरा चटकन उतरले. मी उतरेना. उतरत होते, पण माझं उतरणं म्हणजे एक कार्यक्रम असतो. शेवटी त्या बाईनेच माझ्या काखेत हात घालून मला बाहेर काढलं, आणि मीराकडून माझी खुर्चीही मागवली. आम्हाला ताब्यात घेत असताना मला बसायला खुर्ची देणारी पोलीस मी पहिल्यांदा पाहिली.

तिचा जोडीदार आला. त्याने पेटी उघडली. मीराने परवाना दाखवला, आवाज स्पष्ट. पिस्तूल रिकामं, छरे वेगळ्या डबीत. मग त्या बाईने शालीकडे बोट दाखवलं.

"आजी, ती विचारते, हे लपवलं का होतं?"

"लपवलं नाही. शस्त्राला पाय लागू नये म्हणून मध्ये घातली."

मीराने सांगितलं. बाईने काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, मग पाय ठेवलेच कशाला?"

"तिला म्हणावं, ते माझ्या गुडघ्यांना विचार."

जोडीदार हसला. ती हसली नाही. ती शिरीषकडे वळली आणि एवढंच म्हणाली की मी तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही नाही म्हणालात. माझा मुलगा ऑपरेशनच्या आधी माणसांना भूल देतो. लोक त्याच्या हातात जीव देऊन झोपतात. तो तिथे वाऱ्यात उभा राहून म्हणाला, "आय वॉज स्केअर्ड." मीराने माझ्यासाठी मराठीत केलं नाही. मला कळलं.

तासाभराने सोडलं. पिस्तूल परत दिलं, पेटी बूटमध्ये ठेवायला लावली, खाण्याच्या पिशव्या माझ्या पायाशी आल्या. पण नोंद होणार होती, आणि ती परवाना देणाऱ्या खात्याकडे जाणार होती. पुढचा परवाना त्यांच्या हातात.

एकदाचं एडिनबरा गाठलं. गावाबाहेरच्या गेस्टहाऊसमध्ये खोल्या साध्या, गरम, जिना मात्र माझ्या मुळावर उठलेला. आधी फोन करून तळमजल्यावरची खोली मागून घ्या.

शनिवारची मॅच सकाळी दहाला. मी मागच्या बाकावर बसले होते. आवाज फारसा होत नाही, टपटप, कोणी पापड मोडल्यासारखा. मीरा चौथी आली. जागा पहिलीला. शिरीष म्हणाला, "कालच्या प्रकारामुळे." मीरा म्हणाली, "नाही. माझा हात." आणि बाहेर जाऊन एकटीच उभी राहिली. संध्याकाळी शहर बघितलं, म्हणजे गाडीतून. किल्ला खालूनच बघितला. चढ बघून मी त्याला खालूनच नमस्कार केला. वाटीभर मसुराचं सूप मिळालं, कोथिंबीर घातलेलं, ते मात्र झकास होतं. जाल तेव्हा तेच मागा.

रविवारी परतताना, लँकॅस्टरच्या अलीकडे शिरीष आरशात बघून म्हणाला, "आई, तुला दोन मिनिटं गप्प बसता आलं नसतं का?"

"आलं असतं," मी म्हणाले. "सवय आहे."

त्यानंतर तो पाच दिवस माझ्याशी औषधांपुरतं बोलला. प्रवासाने असा शीण आला होता की मलाही भांडायला जोर नव्हता. मी खिडकीत बसून पाय चेपत राहिले.

शुक्रवारी तो जेवणाआधी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला. परवाना खात्याला पत्र लिहीत होता, की चूक मुलीची नाही, तिचा परवाना अडवू नका. लिहून झाल्यावर मीराला वाचायला दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं.

"बाबा, 'मिसअंडरस्टँडिंग' नको लिहू."

"मग काय लिहू?"

"आय लाइड. खोटं बोललो, असं लिही. तू सांगायला नको म्हणाला, मी गप्प बसली. ते पण लिही."

वृंदा म्हणाली, अगं, तो डॉक्टर आहे, असलं लिहून देणं बरं का, नोकरीवर यायचं. मीरा तिथेच उभी राहिली. शिरीष लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसला, बोटं टेबलावर. मी आमटी दोनदा गरम केली. तिसऱ्यांदा गॅस लावणार होते, तेवढ्यात बटणांची टकटक ऐकू आली, अगदी थोडी. दोनच शब्द असावेत.

पत्र गेलंय. उत्तर अजून आलेलं नाही.