मोंजीच्या प्रोग्रॅममधली चूक

स्फाक्स बंदराच्या धक्क्यावरून केर्केना बेटांवर जाणाऱ्या बोटीची तिकिटं ज्या प्रोग्रॅमवर निघतात, तो मोंजीने स्वतः लिहिलेला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस. ना चित्र ना रंग. लोक हसतात, हसोत बापडे. मोंजीचे केस पिकले तरी प्रोग्रॅम चालतच होता, आणि बायकोमुलं नसलेल्या या माणसाचा सगळा जीव त्यात अडकलेला. कुणी तक्रार घेऊन आलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही. तुमच्या बोटांत असेल."

पण त्या उन्हाळ्यात पडदा थिजायला लागला. जेवणासाठी तिकीटखिडकी बंद व्हायची, कॉम्प्युटर नुसता बसून राहायचा. परत येऊन कळ दाबली की पडदा उजळायचा खरा, पण अक्षरं जागची हलायची नाहीत. तिकीटवाली नाझिहा वैतागून तेच तेच पुन्हा टाइप करायची. मशीन आतून सगळं ऐकायचं, फक्त दाखवायचं नाही. मग एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर मोटारींच्या तीन जागा अडायच्या. बोट अर्धी रिकामी निघायची आणि बाकीचे उन्हात शिव्या घालत उभे.

नवे साहेब अनीस वयाने लहान, पण माणूस वाईट नाही. आदराने नावाआधी 'सी' लावून म्हणाले, "सी मोंजी, तुमचा मान राखूनच सांगतो. पुन्हा असं झालं तर हा प्रोग्रॅम बंद. नवा आणू."

मोंजीने काय करायचं बाकी ठेवलं? पडदा झोपण्याची सोय बंद केली, केबल बदलली, दुसरा पडदा आणून लावला. ढिम्म फरक नाही.

"दृष्ट लागलीय," नाझिहा म्हणाली. "तुम्हीच उठता बसता कौतुक करता ना त्याचं."

"दृष्ट माणसाला लागते, नाझिहा."

"मग तुम्हाला कशी नाही लागली? हां, बरोबर. तोंड बघितलं की कळतं."

शेवटी एका दुपारी मोंजी जेवायला गेलाच नाही. पाव आणि सार्डिन घेऊन मागच्या खोलीच्या दाराआड बसला. नाझिहा उठली, खणातून एक कापड काढलं, कीबोर्डवर पसरलं, कडा नीट बसवल्या, लेकराला थोपटावं तसं थोपटलं आणि गेली.

कापडावर निळ्या दोऱ्याने मासा भरलेला, दृष्ट लागू नये म्हणून. मोंजीने अलगद कोपरा उचलला. समुद्राच्या वाऱ्याने कापड उडू नये म्हणून कोळ्याच्या या लेकीने कडेला जाळ्याची शिशाची वजनं शिवली होती. काही वजनांचा दोरा अगदी नवा. मशीन बिघडेल तशी, कापड आणखी घट्ट बसावं म्हणून, तिने ती वाढवत नेली होती. कोपऱ्यातली दोन बरोबर अशा दोन कळांवर बसली होती, की त्या एकत्र दाबल्या तर पडदा थांबतो आणि मुद्दाम सोडवल्याशिवाय सुटत नाही. फार जुन्या मशीनांच्या काळातली सोय ती.

मोंजीने ती वजनं बोटांनी चाचपली. साहेबांना हे कापड दाखवलं की झालं, प्रोग्रॅम निर्दोष. आणि नाझिहाची मात्र साऱ्या धक्क्यापुढे शोभा. डोळे ताणून तिने त्याच्या मशीनसाठी मासा भरला होता. त्याच्या कुठल्याच गोष्टीसाठी आजवर कुणी इतकं केलं नव्हतं.

कापड त्याने होतं तसं ठेवलं. मागच्या खोलीतल्या मशीनवर प्रोग्रॅम उघडून एक ओळ घातली: त्या कळा दाबल्या तरी पडद्याने थांबायचं नाही. मग चष्मा हातात घेऊन साहेबांकडे गेला.

"सी अनीस, सापडलं. चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये होती. सुधारलीय."

अनीस बघतच राहिले. "तुमच्या? चूक?"

"माझ्या," मोंजी म्हणाला.

"मग राहू दे प्रोग्रॅम," अनीस म्हणाले. "हे तुम्ही तुमच्या तोंडाने म्हणताय, म्हणजे नक्कीच सापडली असणार."

बातमी खिडकीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो. नाझिहाने त्याला रांगेदेखत धरलं. "एवढे दिवस माझ्या बोटांना बोल लावत होतात. शेवटी चूक निघाली कुणाची?"

"माझी," मोंजी म्हणाला. रांग खो खो हसली.

"आणि मी रोज जपत नसते ना, तर हे मशीन कधीच गेलं असतं."

"ते तर आहेच," मोंजी म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.