आक्कांचं गोल बटण

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये किस्से साचतात, त्याला कारण आहे. आमची माणसं आत डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असतात आणि आम्ही बाहेर लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सोलापूरचं ऊन, पाणचट चहा आणि तेच ते चेहरे. आतल्या माणसाविषयी फार विचारायचं नाही, हा आमचा न बोलता ठरलेला नियम. मग बोलायचं कशावर? गाड्यांवर!

त्यात आमच्या कंपूत हायब्रिड गाड्या जास्त. सारखी ये-जा, पेट्रोल वाचावं म्हणून घेतलेल्या. यात इंजिनही असतं आणि बॅटरीवरची मोटरही. नसतं ते फक्त साधं बटण. सगळा कारभार एका मोठ्या काचेत. पूर्वी रेडिओचा कान पिळला की तो गप्प बसायचा. आता त्याला गप्प करायला आधी चष्मा शोधावा लागतो. ज्यानं ही काच बनवली त्याला एकदा संध्याकाळच्या गर्दीत आसरा चौकातून गाडी काढायला लावली पाहिजे.

*

मंद्रूपचे बिराजदार वडिलांना घेऊन येतात. गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. डायलिसिस झाल्यावर इथंच अण्णांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्टार्टचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. अण्णा घामाघूम. शेवटी बिराजदारांनी शोरूमला स्पीकरवर फोन लावला आणि जे तोंड सोडलं ते सोडलंच!

तिकडचा पोरगा थंडपणे म्हणाला, "सर, समोर हिरवी खूण दिसते का? मग गाडी चालूच आहे. बॅटरीवर असली की आवाज येत नाही. तुम्हीच तिला सारखी बंद करताय."

आम्ही सगळे हसलो. तेवढ्यात मागून अण्णांचा बारीक आवाज आला, "माजंबी तसंच हाय की. चालू हाय का बंद, कुणाला कळंना!"

बिराजदारांनी फोन खिशात टाकला आणि गाडी काढली.

*

मी माझ्या मोठ्या भावाला आणतो. आमच्या गाडीच्या स्क्रीनवर एक चित्र दिसतं: बॅटरीतून चाकाकडे बाण, ब्रेक मारला की चाकातून परत बॅटरीकडे बाण. मी मोठ्या कौतुकानं दादाला ते समजावून सांगत होतो. त्यानं बाणांवरून बोट फिरवलं.

"आतल्या मशीनवर असंच चित्र असतं," तो म्हणाला. "फक्त तिथं बाण माझ्यातून जातात."

तेव्हापासून मी ते चित्र बंद ठेवतो. बंद कसं करायचं हे शोधण्यात माझा एक रविवार गेला.

*

श्रीनिवास म्हणजे चादरीवाला. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि गाडीत कायम रेडिओ. धाकट्या भावाला स्वतःची किडनी द्यायची म्हणून त्यानं तपासण्या केल्या होत्या. एकदा काचा खाली करून गाडीत गाणी ऐकत बसला असताना डॉक्टरांचा फोन आला. रेडिओ बंद करायला तो काचेवर बोटं आपटत सुटला. रेडिओ बंद झाला, पण फोन गाडीच्या स्पीकरवर लागला!

"श्रीनिवास, तुमची किडनी मॅच होत नाही," अख्ख्या पार्किंगनं ऐकलं. चहावाल्यानंसुद्धा.

फोन संपल्यावर श्रीनिवास बाहेर आला. "ऐकलं ना सगळ्यांनी? चला, मला वेगळं सांगायला नको," म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. त्या दिवशी कुणीच किस्सा सांगितला नाही.

*

आता आक्का. शाळेच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. साखरेनं आधी डोळे नेले, मग किडन्या. त्यांना आणणारे गफूरभाई त्यांचे जुने ड्रायव्हर. आक्का नेहमी पुढच्या सीटवर बसायच्या, कारण जुन्या गाडीतल्या रेडिओचं गोल बटण त्यांचं होतं. जाताना बातम्या हळू, भावगीत लागलं की मोठ्यानं आणि घर आलं की 'टक्' करून बंद. "जेवण दुसऱ्याच्या हातानं, चालणं दुसऱ्याच्या हातानं. एवढं एक माझ्या हातात आहे," असं त्या म्हणायच्या.

परदेशातल्या मुलानं आईच्या सुखासाठी जुनी गाडी विकून हायब्रिड पाठवली. आक्कांनी हात पुढे केला तर सगळी गुळगुळीत काच! बोट लागलं की एसी गारठवायचा, नाहीतर नकाशातली बाई इंग्रजीत रस्ता सांगायला लागायची. मुलगा फोनवर म्हणाला, नुसतं बोललं तरी गाडी ऐकते. गफूरभाईंनी बोलून पाहिलं. मग आम्हाला म्हणाले, "घर में मेरी कोई नै सुनता, गाडी क्या सुनेगी!"

आक्कांनी हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच. मग एक दिवस त्या डायलिसिसला आल्याच नाहीत. "नुसतं सामानासारखं न्यायचं आणि आणायचं. कशाला?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. डायलिसिस चुकवलं की काय होतं, ते आमच्या कंपूत कुणाला सांगावं लागत नाही.

गफूरभाई एसटीनं करमाळ्याला गेले. जुनी गाडी तिथल्या एका अडत्यानं घेतली होती. त्याच्याकडून ते बटण मागून आणलं, एका जुन्या स्पीकरच्या फिरकीवर बसवलं, म्हणजे ते फिरतं आणि शेवटी 'टक्' वाजतं. मग दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं ते आक्कांच्या समोर डॅशबोर्डवर लावलं. वायर एकही नाही. आक्का बटण फिरवायच्या आणि गफूरभाई त्यांच्या बोटांकडे तिरकं बघत स्टेअरिंगवरच्या बटणानं आवाज कमीजास्त करायचे.

आक्का पुन्हा यायला लागल्या. "गफूरनं रेडिओ दुरुस्त करून आणला," त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं. आम्हीही "वा वा!" म्हणालो.

*

गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा तिथल्या मेकॅनिकनं ते बटण काढून कचऱ्यात टाकलं. "कशालाच जोडलेलं नव्हतं, काका!"

गफूरभाई एरवी मुंगीवरही ओरडायचे नाहीत. पण त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बटण बाहेर काढत ओरडले, "वायर नै तो क्या हुआ? चालू है वो!"

*

परवा डॉक्टरांनी आक्कांना सांगितलं की सुई टोचायला आता हातात नस उरलेली नाही. आणखी एक उपाय आहे, पण त्यांच्या हृदयाला तो झेपायचा नाही. आक्का म्हणाल्या, मग राहू दे डायलिसिस. हे सगळं गफूरभाईंसमोरच झालं.

आम्ही सगळे त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. दादाही काठी टेकत आला. आक्का पुढच्या सीटवर बसल्या, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. गफूरभाईंनी गाडी चालू केली. तिला आवाज नव्हताच. आम्ही खिडकीपाशी गर्दी करून उभे होतो. गफूरभाईंना ती शांतता सहन होईना. त्यांनी डोळे पुसले आणि अंगठ्यानं रेडिओ मोठा केला.

आक्का आमच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली.

"गफूर, अरे, मी अजून हात लावला नाही."

मग त्यांनी हात पुढे केला, चाचपून बटण धरलं आणि हळूच उलटं फिरवलं. रेडिओचा आवाज कमी झाला.