तीन रांगांत बसलेलं घर

माझी श्रद्धा कधीच फार मोठी नव्हती. आईला पिंपळवंडीहून काशीला न्यायचं ठरवलं, तेही ती शहाणीसुरती असताना सारखं काशीचं नाव काढायची म्हणून. आता तिला स्वतःचं घरही धड ओळखू येत नाही. माझ्या बायकोचा, सुमनचा हात धरला की ती शांत बसते. सुटला की लहान लेकरासारखी घाबरते.

विमानाची तिकिटं मी मोबाईलवर काढली. जागा आधी निवडायच्या असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. विमानतळावर पास हातात आले, तर तिघांच्या जागा तीन वेगळ्या रांगांत! काउंटरवरच्या मुलीला मी विनवलं, मग आवाज चढवला. ती बिचारी म्हणाली, "काका, विमान फुल आहे. आत कुणी बदलून देतंय का बघा."

आत मागून माणसांचा रेटा होता. ज्यांना विचारलं, त्यांनी माना हलवल्या. आईला खिडकीशी बसवून मी पार मागं जाऊन बसलो. पट्टे लागले, विमान हललं आणि पुढून तिचा आवाज आला, "सुमे, कुठं गेलीस गं? मला न्हाई जायचं!" सुमन उठू लागली, तर हवाईसुंदरीनं तिला खाली बसवलं. मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून हात जोडले गेले. म्हटलं, खंडेराया, माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ.

थोड्या वेळानं आईचा आवाज थांबला.

पट्टे सुटताच धावलो. वाटेत सुमनच्या शेजारचे गृहस्थ उठत म्हणाले, "आजींना आणा इथं, मी तिकडं बसतो." आईजवळ पोचलो, तर ती शेजारच्या अनोळखी बाईचा हात कुरवाळत होती. "जेवलीस का गं? लई वाळलीस," असं विचारत होती. त्या बाईचे डोळे भरले होते.

"दादा, एवढ्यात नेऊ नका त्यांना," ती हळूच म्हणाली. "मागच्या आठवड्यात माझी आई गेली. अस्थी घेऊन निघालेय. त्यानंतर मला हे कुणी विचारलंच नव्हतं."

सुमनला जाऊन सांगितलं, तिनं नुसती मान डोलावली. त्या भल्या माणसाचे आभार मानून मी माझ्या जागेवर परतलो.

दुसऱ्या दिवशी सुमननं त्या बाईला घाटावर एकटं जाऊ दिलं नाही. अस्थी गंगेत सोडताना आई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. आईला त्यातलं किती कळलं, देव जाणे. पण ज्या जागांसाठी मी एवढा भांडलो, त्या मिळाल्या नाहीत, हे आठवलं की मी आजही हात जोडतो. त्या बाईला आई आता ओळखत नाही. तिचा फोन आला की मात्र पहिलं तेच विचारते, "जेवलीस का गं?"