नऊशे नव्याण्णव मेंढ्या

रिकाम्या रकान्यावर माया करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. कुठलीही वस्तू जागची हलली की तिच्याबरोबर तिची ओळखही गेली पाहिजे, हा मामांचा धर्म. बीडमध्येच त्यांनी घर बदललं तेव्हा प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी होती, आणि एका पोत्यावर तर ‘यात तवा नाही’ अशी. फोनमध्ये इलेक्ट्रिशियनच्या नावापुढे ‘येतो म्हणतो’ एवढंही नोंदलेलं. जेवताना मामी वाढायला आल्या की ते ‘नको’ म्हणत आणि लगेच खुलासा करत, की आजचा नको खरा आहे, कालचा नव्हता. मामी बिचाऱ्या पळी धरून उभ्या. त्या चाळीस वर्षांत थकल्या. मी सहाच वर्षांत थकलो, कारण मला हे घरीही होतं आणि कचेरीतही.

खेड्यापाड्यांत पाहणी करायची आणि आकडे संगणकात भरायचे, हे आमच्या छोट्या संस्थेचं काम. मामांनीच मला तिथं चिकटवलं. त्यांचा जीव एका जुनाट संगणकात. त्यात प्रत्येक रकान्याचं पूर्ण नाव आणि प्रत्येक खुणेच्या आकड्याचा अर्थ त्यांनी स्वतः भरलेला. शिवाय तेच सगळं एका वहीतही. मेंढ्यांच्या रकान्यात शून्य म्हणजे मेंढ्या नाहीत, नऊशे नव्याण्णव म्हणजे सांगितलं नाही. पाटोद्याकडच्या एका धनगरवस्तीवर त्यांनी घरोघर नऊशे नव्याण्णव टाकलेले, कारण तिथली माणसं मेंढ्यांचा आकडा तोंडातून काढत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते. मामा वाद घालत बसले नाहीत, चहा पिऊन परतले. “न्हाई आन् सांगत न्हाई, यात लई फरक हाय, जावई,” हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकत असे.

मग नवे संगणक आले. मामांनी बजावलं होतं, की वही शेजारी ठेवून फाइल हलवा आणि हलवल्यावर एकेक रकाना ताडून बघा. मी हो म्हणालो. पण दोनशे रकाने होते आणि माझी मान दुखत होती. मी नुसते आकडे काढले आणि नव्या संगणकात ओतले. आकडे सगळे आले, अर्थ एकही आला नाही. त्या वस्तीत घरटी नऊशे नव्याण्णव मेंढ्या दिसू लागल्या. एवढ्या मेंढ्या पाटोद्याच्या बाजारातही मावल्या नसत्या. भरणाऱ्याची चूक समजून, वही न उघडताच मी सरसकट शून्य केलं आणि यादी पाठवून दिली. त्याच यादीवरून मेंढ्यांना लस मिळायची होती.

लसीची गाडी त्या वस्तीला वळसा घालून गेली. तिथल्या एका म्हातारीनं मामांना फोन केला.

“त्या वस्तीला शून्य कावून केलं, जावई?” मामांनी एवढंच विचारलं.

संस्थेच्या साहेबांपुढे उभं राहायची वेळ आली तेव्हा मी खाली बघत राहिलो, आणि मामा म्हणाले, “फाइल माझी हाय, चूक बी माझीच.” मग वही काखेत मारून ते एसटीनं वस्तीवर गेले. आकडा याही वेळी कुणी सांगितला नाही. तेव्हा त्यांनी लसीच्या बाटल्या किती आणू, एवढंच विचारलं. बाटल्या मोजायला कुणाची हरकत नव्हती. लस आठ दिवस उशिरा पोचली. तोवर म्हातारीच्या चार मेंढ्या गेल्या होत्या. तो आकडा तिनं आपण होऊन सांगितला; मेलेल्यांना दृष्ट लागत नाही.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं काय ते सांगितलं.

गेल्या महिन्यात मी लातूरला नवी नोकरी धरली. मामा स्टँडवर आले आणि माझ्या खिशात एक चिठ्ठी सरकवून म्हणाले, “तिथं तुमचा अर्थ सांगाया मी न्हाई.” गाडी सुटल्यावर वाचली. ‘चहा बिनसाखरेचा. सकाळी अकरापर्यंत बोलू नये. चूक कबूल करतो, दोन दिवस लागतात.’

इथं ती अजून कुणाला दाखवलेली नाही. मामांची आठवण मात्र फार येते. रोज शर्ट बदलला की चिठ्ठी त्या खिशातून या खिशात घालतो, आणि सगळं नीट आलं का, एकदा वाचून बघतो.